संकेतस्थळाच्या नांवाची मुदत

इ. स. १६६८ मध्यें इंग्लंडच्या राजानें मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें, तेव्हां त्याचा वार्षिक खंड ठरला अवघा दहा पौंड. एवढ्या क्षुल्लक रकमेवर एवढें मोठें बंदर कंपनीच्या ताब्यांत राहिलें. परंतु खंड तो खंडच. तो भरावयाचा म्हणजे आपण मालक नसून पट्टेदार आहों हें दर वर्षीं मान्य करावयाचें. रक्कम लहान असली म्हणजे ती भरण्याचें कामहि लहान वाटूं लागतें, आणि लहान वाटणारीं कामें विसरलीं जातात. इंटरनेटवरील नांवांची गोष्ट थेट अशीच आहे.

आज शाळा, सार्वजनिक वाचनालय, सहकारी बँक, औषधांचें दुकान, गायक, लेखक, ज्याला त्याला स्वतःचें संकेतस्थळ असतें. आणि त्या स्थळाला एक नांव असतें. या नांवास 'डोमेन' म्हणतात. "आमच्या संस्थेनें अमुक डॉट कॉम हें नांव विकत घेतलें," असें वाक्य सर्रास ऐकूं येतें. व्याकरणाच्या दृष्टीनें हें वाक्य निर्दोष आहे. वस्तुस्थितीच्या दृष्टीनें मात्र तें चुकीचें आहे. नवें डोमेन पहिल्यानें घेणारा तें कायमचें विकत घेत नाहीं. तें ठराविक मुदतीच्या बोलीनें त्याच्या नांवें नोंदविलें जातें. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण नांवांसाठीं ही मुदत कमींत कमी एक वर्ष व जास्तींत जास्त दहा वर्षें असते. मुदत सरण्यापूर्वीं पैसे भरले कीं ती वाढते, आणि अशी ती कितीहि वेळां वाढवून घेतां येते. या विषयाचें सूत्र एवढेंच. परंतु सूत्र लहान असलें तरी त्यावरील टीका मोठी होते. आणि हें सूत्र दृष्टीआड केल्यामुळें भल्याभल्यांची फजिती झालेली आहे.

प्रथम, नांवाची गरज मुळांत पडली कां, तें पाहिलें पाहिजे. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांची खरी ओळख आंकड्यांनीं होते; नांवें हीं माणसाच्या सोयीसाठीं आहेत. टेलिफोनला क्रमांक लागतो, पण माणूस लक्षांत ठेवतो तें नांवच. तसाच हा प्रकार. इंटरनेटचा पूर्वज जो अमेरिकेंतील 'आर्पानेट', त्याच्या काळीं जोडलेलीं यंत्रें थोडीं होतीं. कोणत्या नांवाचा क्रमांक कोणता, याची एकच यादी कॅलिफोर्नियांतील एका संशोधनसंस्थेंत ठेवलेली असे, आणि बाकीचे सर्वजण तिची नक्कल उतरून घेत. यंत्रांची संख्या वाढली तेव्हां ही एकुलती एक यादी पुरी पडेना. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस या शास्त्रज्ञानें नवी पद्धति आंखून दिली. तींत सगळी यादी एका ठिकाणीं न ठेवतां तिचे विभाग पाडले, व प्रत्येक विभागाची जबाबदारी निरनिराळ्यांकडे सोंपविली. पत्राच्या पाकिटावर जसा शेवटीं जिल्हा असतो, त्याच्या वर तालुका, व त्याच्या वर गांव, त्याप्रमाणें डोमेन हें शेवटाकडून वाचावयाचें. शेवटीं 'कॉम' असलें तर कॉमची वही उघडावयाची, आणि त्या वहींत पुढील नांव शोधावयाचें.

या कॉमच्या वहींतील सर्वांत जुनी नोंद १५ मार्च १९८५ ची आहे. ती सिंबॉलिक्स नांवाच्या संगणक बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीनें केली. त्या वेळीं नांव नोंदवावयास पैसे पडत नसत. इंटरनेट हें विद्यापीठांचें व सरकारी खात्यांचें साधन होतें, आणि नोंदणीचा खर्च अमेरिकन सरकार सोशीत असे. पुढें व्यापाऱ्यांनीं तिकडे धाव घेतली व नोंदी भराभर वाढूं लागल्या. तेव्हां सप्टेंबर १९९५ पासून शुल्क बसविण्यांत आलें: पहिल्या दोन वर्षांचे मिळून शंभर डॉलर, आणि नंतर दर वर्षीं पन्नास. फुकट मिळणारें नांव तेव्हांपासून भाड्याचें झालें, आणि 'मुदत' हा शब्द या क्षेत्रांत कायमचा आला. सिंबॉलिक्स कंपनी पुढें डबघाईस आली. तिचें नांव २००९ सालीं दुसऱ्या धन्याकडे गेलें; परंतु नूतनीकरण होत राहिल्यामुळें तें नांव कंपनीच्या पश्चात्‌हि जिवंत राहिलें. नोंदलेल्या नांवाची बदली अशी एका धन्याकडून दुसऱ्याकडे होऊं शकते; मात्र नव्या धन्यालाहि मिळते ती पट्टेदारीच. नांवाचें आयुष्य धन्याच्या आयुष्यावर अवलंबून नसतें. तें पट्टा चालूं ठेवण्यावर अवलंबून असतें.

हा पट्टा देतो कोण? येथें तीन पायऱ्या लक्षांत ठेवाव्या लागतात. सर्वांत वर 'आयकॅन' ही संस्था. ती १९९८ सालीं अमेरिकेंत स्थापन झाली, आणि जगांतील नांवांच्या व्यवस्थेचे नियम ती ठरविते. तिच्या खालीं 'रजिस्ट्री', म्हणजे एकेका शेपटाची मूळ वही राखणारी संस्था; कॉमची वही व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे. त्याच्याहि खालीं 'रजिस्ट्रार', म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेऊन त्याची नोंद वहींत करविणारा अधिकृत मध्यस्थ. सामान्य माणसाचा संबंध या तिसऱ्या पायरीशींच येतो. पुष्कळ वेळां तर त्याच्याशींहि थेट येत नाहीं. संकेतस्थळ तयार करून देणारा कारागीर परस्पर सगळें उरकतो, आणि घोटाळ्याची पहिली बीजें तेथेंच पडतात.

आपलें सिंहासन तरी पक्कें आहे असें वरच्या पायरीवरील वहीवाल्यानें समजावें, तर तसेंहि नाहीं. कॉमची वही राखण्याचा व्हेरिसाइनचा करार १ डिसेंबर २०२४ पासून ३० नोव्हेंबर २०३० पर्यंत आहे. म्हणजे वही राखणाराहि सहा वर्षांचा पट्टेदारच. किंबहुना अख्खें शेपूटहि नाहींसें होऊं शकतें. युगोस्लाव्हिया या देशासाठीं 'डॉट वाययू' हें शेपूट होतें. देश फुटला, त्याचे तुकडे स्वतंत्र झाले, व प्रत्येकाला आपापलें शेपूट मिळालें. नांवें हलविण्यास लोकांना अवधि देण्यांत आला, आणि मार्च २०१० च्या अखेरीस तें शेपूट मूळ यादींतून काढून टाकण्यांत आलें. त्याखालील जीं नांवें तोंवर हललीं नव्हतीं, तीं त्याच्याबरोबर गेलीं.

आतां मुदतीचें गणित. दहा वर्षांची मर्यादा ही एका वेळच्या मागणीला लागू नसून शिल्लक मुदतीला लागू आहे. म्हणजे आजपासून मोजतां कोणत्याहि नांवाची अखेरची तारीख दहा वर्षांच्या पलीकडे जाऊं शकत नाहीं. समजा, एखाद्या नांवाचीं बरोबर तीन वर्षें शिल्लक आहेत. तर त्यांत आणखी सात वर्षें मिळवितां येतील, आठ मिळवितां येणार नाहींत. तीन वर्षें व एक महिना शिल्लक असला, तर सातहि मिळवितां येणार नाहींत. सहावरच समाधान मानावें लागेल, कारण नूतनीकरण पूर्ण वर्षांच्या हिशेबानेंच होतें. मुदत संपण्याच्या पुष्कळ आधीं पैसे भरले तर शिल्लक दिवस फुकट जातील, अशी भीति कित्येकांना वाटते. ती निराधार आहे. नवीं वर्षें पैसे भरल्याच्या दिवसापासून मोजलीं जात नाहींत, तर जुनी मुदत जेथें संपते तेथून मोजलीं जातात. एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नांव हलविलें, तर त्या व्यवहारांत एक वर्ष वाढून मिळतें. मात्र तेथेंहि दहा वर्षांची कमान ओलांडतां येत नाहीं.

देशवाचक शेपटांचे नियम ज्या त्या देशाचे असतात. भारताचें 'डॉट इन' हें शेपूट १९८९ सालचें. त्याची वही आरंभीं मुंबईंतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. २००५ सालीं नोंदणी सर्वांस खुली झाली, व वही 'निक्सी' या भारतीय संस्थेकडे आली. डॉट इनलाहि एक ते दहा वर्षें हीच मुदत आहे. मराठी माणसाला विशेष जवळचें असें 'डॉट भारत' हें देवनागरी शेपूट २७ ऑगस्ट २०१४ रोजीं सुरू झालें. त्याची वहीहि निक्सीकडेच असून, त्याखालीं मराठींत नांव नोंदवितां येतें. ब्रिटनमध्यें २०१२ पर्यंत फक्त दोन वर्षांचा पट्टा मिळे. त्या वर्षीं मेपासून एक ते दहा वर्षांची मुभा झाली. वेस्ट इंडीजमधील अँग्विला या चिमुकल्या बेटाचें शेपूट 'डॉट एआय'. तीं अक्षरें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें असल्यामुळें त्याला अतोनात मागणी आली. तेथें कमींत कमी दोन वर्षांचे पैसे एकदम भरावे लागतात.

दहाच वर्षें कां, कायमची कां नाहीं, असा प्रश्न चौकस श्रोत्याच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचीं कारणें दोन. पहिलें हें कीं, वही राखण्याचा खर्च रोजचा आहे. जगाच्या कानाकोपऱ्यांतून प्रत्येक क्षणीं "हें नांव कोठें राहतें?" अशी पृच्छा येत असते, आणि तिचें उत्तर अहोरात्र द्यावें लागतें, एकदांच घेतलेल्या रकमेवर हें काम अनंत काळ चालणार नाहीं. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें आहे. माणसें मरतात, संस्था मोडतात, हौस ओसरते. नोंदी जर कायमच्या असत्या, तर आज वहीचीं निम्मीं पानें बेवारशी नांवांनीं अडून बसलीं असतीं. "अजून हवें आहे काय?" असा प्रश्न ठराविक काळानें विचारणें, आणि उत्तर न आल्यास तें नांव दुसऱ्यास मोकळें करणें, हाच नूतनीकरणाचा खरा हेतु आहे. कोठें कोठें शंभर वर्षांची हमी विकली जाते. २०२३ सालीं वर्डप्रेस डॉट कॉमनें अडतीस हजार डॉलरला शंभर वर्षांची योजना जाहीर केली. परंतु मूळ वहींत दहा वर्षांपलीकडची तारीख घालतांच येत नाहीं. तेव्हां अशा योजनेचा अर्थ एवढाच कीं, दिलेल्या रकमेंतून ती कंपनी वेळोवेळीं नूतनीकरण करीत राहील. तो नांवाचा शंभर वर्षांचा पट्टा नव्हे. तें एका कंपनीनें दिलेलें शंभर वर्षांचें वचन आहे.

आतां मुख्य प्रश्न. पैसे भरले नाहींत तर काय होतें? मुदत संपल्याबरोबर नांव हातचें जातें, असें नाहीं. डॉट कॉमच्या बाबतींत, विसरणाऱ्याला सांवरण्यासाठीं तीन पायऱ्यांची योजना आहे. प्रथम, आयकॅनच्या नियमाप्रमाणें रजिस्ट्रारनें धन्याला तीन सूचना पाठविल्याच पाहिजेत: मुदतीपूर्वीं सुमारें एक महिना, सुमारें एक आठवडा, आणि मुदत संपल्यावर पांच दिवसांच्या आंत. मुदतीच्या दिवशीं रजिस्ट्री आपण होऊन नांव एका वर्षानें पुढें ढकलते, आणि पंचेचाळीस दिवसपर्यंत रजिस्ट्रारला तें रद्द करून आपले पैसे परत घेण्याची मोकळीक ठेवते. याचा परिणाम मोठा फसवा होतो. धन्यानें कपर्दिकहि भरलेली नसते, पण वहींत पाहावें तर तारीख एक वर्षानें पुढें गेलेली दिसते! ती तारीख रजिस्ट्री व रजिस्ट्रार यांच्या आपसांतील हिशेबाची असते; धन्यानें तिच्यावर विसंबूं नये.

शिवाय हे पंचेचाळीस दिवस म्हणजे धन्याचा हक्क नव्हे. या काळांत किती दिवस जुन्या दरानें नूतनीकरण करूं द्यावयाचें, हें रजिस्ट्रार आपल्या अटींप्रमाणें ठरवितो. आणि या अवधींतच नांव लिलावांत काढण्याची पद्धति पुष्कळ ठिकाणीं आहे. नांव रद्द होण्यापूर्वीं निदान आठ दिवस संकेतस्थळ व पत्रव्यवहार बंद पाडावा, असाहि नियम आहे. तो वरवर क्रूर दिसतो. पण ज्यानें तिन्ही सूचना वाचल्या नाहींत, त्याला स्थळ बंद पडल्यावर तरी जाग येईल, असा त्यांतील सद्धेतु आहे. रजिस्ट्रारनें नांव रद्द केलें कीं तीस दिवसांचा 'विमोचनाचा काळ' सुरू होतो. या काळांत मूळ धन्यालाच नांव सोडवून घेतां येतें. मात्र त्यासाठीं नेहमींच्या शुल्काच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते. गहाण टाकलेला डाग सोडवावा, तसा हा प्रकार. तीस दिवसहि गेले, म्हणजे शेवटचे पांच दिवस उरतात. त्यांत कोणालाच कांहीं करतां येत नाहीं. नांव नुसतें पुसलें जाण्याची वाट पाहत असतें. त्यानंतर जो प्रथम येईल त्याचें तें होतें. आणि अशा सुटणाऱ्या नांवांवर टपून बसलेलीं यंत्रें तें क्षणार्धांत उचलतात.

देशवाचक शेपटांच्या पायऱ्या याहून निराळ्या असूं शकतात. म्हणून आपल्या नांवाचे नियम आपल्या रजिस्ट्रारकडून आधींच विचारून घ्यावेत. मुदत संपल्यावर ते वाचण्यांत अर्थ नसतो.

अशी चूक लहान माणसाकडूनच होते, असें समजूं नये. १९९९ च्या नाताळांत मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य कंपनीच्या हॉटमेल पत्रसेवेंत ग्राहकांना शिरतां येईना. शोध घेतां कळलें कीं, प्रवेशाच्या वेळीं ओळख पटविण्यासाठीं वापरलेलें 'पासपोर्ट डॉट कॉम' हें नांव कंपनीनें नूतन करावयाचें राहिलें होतें. शेवटीं टेनेसी प्रांतांतील एका संगणक-तज्ज्ञानें, त्याचा कंपनीशीं कांहीं संबंध नसतां, स्वतःच्या खिशांतून पस्तीस डॉलर भरले व सेवा पूर्ववत् सुरू झाली. फेब्रुवारी २००४ मध्यें 'वॉशिंग्टन पोस्ट' या प्रख्यात वृत्तपत्राच्या पत्रव्यवहाराचें नांव असेंच चुकलें, आणि बातमीदारांकडे येणारे ई-मेल कांहीं तास खोळंबले. नोव्हेंबर २०१० मध्यें डॅलस काउबॉइज या धनाढ्य अमेरिकन फुटबॉल संघाचें संकेतस्थळ याच कारणानें बंद पडलें. या तिघांनाहि आपापलीं नांवें परत मिळालीं. तीं मिळालीं याचें कारण हें कीं, पायऱ्या संपण्यापूर्वींच बोभाटा झाला. ज्याच्या नांवाचा बोभाटा होत नाहीं त्याचें काय, हा प्रश्न उरतोच.

नांव दुसऱ्याच्या हातीं पडणें म्हणजे केवळ पाटी बदलणें नव्हे. गेलेल्या नांवाच्या पत्त्यावर जीं पत्रें येत राहतात तीं नव्या धन्याच्या पेटींत पडतात. बँकेचे निरोप, खात्याची किल्ली बदलण्याचे दुवे, सभासदांचीं खाजगी पत्रें, सर्व कांहीं. २०२४ सालीं सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका चमूनें याचा मासला जगापुढें ठेवला. 'डॉट मोबी' या शेपटाच्या धन्यांची माहिती पूर्वीं ज्या नांवाच्या यंत्राकडून मिळे, तें नांव वापरांतून गेलें व पुढें सोडून देण्यांत आलें. या चमूनें तें वीस डॉलरला नोंदविलें मात्र, त्यांच्या यंत्राकडे लक्षावधि विचारणा येऊं लागल्या! सरकारी खातीं, विद्यापीठें व सुरक्षेच्या कंपन्या यांचीं यंत्रें जुन्या पत्त्यावरच भाबडेपणानें प्रश्न विचारीत राहिलीं होतीं. नांव गेलें तरी नांवावरचा विश्वास मागें राहतो, आणि ज्याच्या हातीं नांव, त्याच्या हातीं तो विश्वास. भारतांत रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं बँकांना 'बँक डॉट इन' या राखीव शेपटाखालीं ३१ ऑक्टोबरपर्यंत येण्यास सांगितलें, व त्याची नोंदणी हैदराबादच्या एकाच संस्थेमार्फत ठेवली. त्यामागेंहि हाच विचार आहे. फसव्या नांवांच्या बाजारांत ग्राहकाला खरी पाटी ओळखतां यावी.

बँकांची काळजी रिझर्व्ह बँक वाहील. वाचनालयाची कोण वाहणार? कल्पना करावी कीं, एका तालुक्याच्या गांवीं शंभर वर्षांचें एक वाचनालय आहे. त्याच्या उत्साही चिटणिसांनीं पंधरा वर्षांपूर्वीं संकेतस्थळ उभें केलें. दुर्मिळ मासिकांची सूची, जुन्या व्याख्यानमालांचीं छायाचित्रें, गांवच्या इतिहासाचीं टिपणें, सारें तेथें चढविलें. नांव नोंदवितांना त्यांनीं स्वतःचा ई-मेल दिला, स्वतःचें कार्ड वापरलें, आणि दर वर्षीं पैसे आपोआप कापले जावेत अशी व्यवस्था केली. सर्व सुरळीत चाललें. पुढें बँकेनें कार्ड बदलून दिलें. पैसे कापले जाईनात. सूचना आल्या, पण त्या चिटणिसांच्या पत्रपेटींत. आणि चिटणीस त्या वर्षींच्या पावसाळ्यांत वारले होते. घरच्यांना त्या पेटीची किल्ली ठाऊक नव्हती. कार्यकारी मंडळाला तर असें कांहीं शुल्क असतें हेंच ठाऊक नव्हतें. सुमारें ऐंशी दिवस लोटले. एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें सूची पाहण्यासाठीं वाचनालयाचें नांव लिहिलें, तों पडद्यावर जुगाराची जाहिरात झळकली. शंभर वर्षें ज्या नांवावर गांवानें वर्गणी दिली, त्या नांवाखालीं आतां जुगार! आणि यांत लबाडी कोणाचीच नाहीं. चिटणिसांनीं तर पदरमोड करून संस्थेची सेवा केली होती. चूक एवढीच कीं, संस्थेचें नांव संस्थेच्या वहींत नव्हतें. तें एका भल्या माणसाच्या डोक्यांत होतें.

ही कल्पनाच खरी. पण तिचें एकेक अंग रोजच्या व्यवहारांतलें आहे. नूतनीकरण चुकतें तें बहुधा पैशाच्या अभावीं नव्हे. सप्टेंबर २०२४ पासून व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून एका कॉम नांवाचे वर्षाला दहा डॉलर सव्वीस सेंट घेऊं लागली. रजिस्ट्रारचा नफा व कर धरूनहि ही रक्कम एखाद्या दैनिकाच्या वार्षिक वर्गणीच्या आसपासचीच होते. चुकतें तें माणसें बदलतात म्हणून, कार्डें बदलतात म्हणून, पत्ते बदलतात म्हणून. यांतील एक खाच विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सूचनांसाठीं दिलेला ई-मेल जर त्याच डोमेनवरचा असला, तर डोमेन बंद पडतांच सूचनाहि बंद पडतात. घराच्या किल्ल्या घरांत ठेवून बाहेरून कुलूप लावण्यासारखेंच तें झालें.

मग एकदम दहा वर्षांचे पैसे भरून निर्धास्त व्हावें काय? त्याचे फायदे आहेत. दर वर्षींची चिंता मिटते. शिवाय कॉमच्या करारांत अशी अट आहे कीं, दर वाढवावयाचा झाल्यास रजिस्ट्रीनें सहा महिने आधीं सूचना द्यावी, व तेवढ्या अवधींत जुन्या दरानें दहा वर्षांपर्यंतचें नूतनीकरण करूं द्यावें. म्हणून दूरदृष्टीच्या माणसाला दरवाढ चुकवितां येते. परंतु दहा वर्षें हा विस्मरणासाठीं फार सोईचा काळ आहे. दर वर्षीं येणारें बिल कोणाच्या तरी लक्षांत राहतें. दहा वर्षांनीं येणारें बिल पाहावयास तो चिटणीस, तो खजिनदार, तो ई-मेल, कदाचित् तो रजिस्ट्रारहि जागेवर नसतो. तेव्हां मुदत लांब घ्यावी, पण तपासणी वार्षिक ठेवावी, हा मध्यम मार्ग उत्तम. पट्टा तीन किंवा पांच वर्षांचा घेऊन त्यांत दर वर्षीं एक वर्ष मिळवीत राहिलें, तर सवयहि टिकते, आणि एखादें वर्ष चुकलें तरी आकाश कोसळत नाहीं.

दक्षतेच्या नांवाखालीं उताविळेपणाहि नको. "आपल्या डोमेनची मुदत संपत आली, ताबडतोब एवढे पैसे भरा," अशीं पत्रें भलत्याच मंडळींकडून येत असतात. त्यांतील कांहीं पैसे उपटण्यासाठीं असतात, तर कांहीं नांव गुपचूप दुसऱ्या दुकानीं हलविण्यासाठीं. ज्याला आपला रजिस्ट्रार कोण हें ठाऊक आहे, तो या जाळ्यांत सांपडत नाहीं. मुदतीची खरी तारीखहि पत्रावरून मानूं नये. ती रजिस्ट्रारच्या खात्यांत स्वतः जाऊन पाहावी.

तेव्हां ज्या घराचें, दुकानाचें किंवा संस्थेचें इंटरनेटवर नांव आहे, त्यांनीं एका साध्या वहींत पांच गोष्टी लिहून ठेवाव्या. नांव कोणतें, तें कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, धनी म्हणून नोंद कोणाची आहे, संस्थेची कीं व्यक्तीची, सूचना कोणत्या ई-मेलवर व कोणत्या टेलिफोनवर येतात, आणि मुदतीची तारीख कोणती. खात्याची किल्ली एकाजवळ न ठेवतां दोघांजवळ असावी. नोंद जर कारागिराच्या नांवें निघाली, तर तो जवळ आहे व संबंध गोड आहेत तोंवरच ती संस्थेच्या नांवें करून घ्यावी. संस्थेंत पदाधिकारी बदलतात त्या सभेंत जशी कपाटाची किल्ली व शिल्लक रोकड नव्या हातीं देतात, तशी ही वहीहि द्यावी, व तिची पोंच इतिवृत्तांत नोंदवावी. तपासणीसाठीं न विसरतां येण्यासारखा एखादा दिवस नेमावा. दुकानदाराला त्यासाठीं चोपडीपूजनाचा दिवस सोईचा पडेल; वाचनालयाला आपला वर्धापनदिन बरा. त्या दिवशीं वही उघडावी, तारीख पाहावी, एक वर्ष वाढवावें, आणि मिळालेली पावती त्याच पानाला टांचून ठेवावी.